तारीख रिकामी ठेवलेली पत्रिका

जे. पी. नगर, बेंगळुरू
२ फेब्रुवारी २०२५

ती. अलका मावशी यांस साष्टांग नमस्कार.

मी भव्या. नववीत आहे. मराठी मित्र मंडळाच्या ‘पत्रातून मराठी’ उपक्रमात माझ्या वाट्याला तुम्ही आला आहात. गुरुप्रसादकाकांनी नियम सांगितले आहेत. पत्र कागदावर लिहायचं, फोन नंबर मागायचा नाही, आणि मोठ्यांनी चुका लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवायचं. विषय मंडळच देतं. या महिन्याचा विषय आहे ‘आमच्या घरचा एक समारंभ’.

आमचं घर इथलं जुनं. अज्जी सांगते की आपण शहाजीराजांच्या वेळी आलो. परत जायचं राहून गेलं. घरात सगळे मराठी बोलतात, पण अम्माला वाचता येतं फक्त कन्नड. देवनागरी वाचणारी अज्जी आणि मी. म्हणून हे पत्र अज्जीला दाखवून पाठवते आहे.

समारंभ माझाच होता. अप्पांचा चिकपेटला पत्रिकांचा छापखाना आहे. दुपारी अम्मा तिथे काउंटरवर बसते. लोकांच्या लग्नाच्या, मुंजीच्या, गृहप्रवेशाच्या पत्रिका आम्ही छापतो, त्यामुळे आमच्या घरची पत्रिका सगळ्यांपेक्षा भारी पाहिजे असं अप्पांचं म्हणणं. माझी पत्रिका त्यांनी गेल्या वर्षीच छापून ठेवली. सोनेरी कडा, वर गणपती, आत मोर. फक्त तारखेची जागा रिकामी होती. तारीख माझ्याकडून यायची होती.

माझी चुलत बहीण रम्या माझ्यापेक्षा लहान आहे, पण तिचा समारंभ आधी झाला. मग अज्जी रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अप्पा पत्रिकांच्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकायचे. नोव्हेंबरमध्ये मी अम्माला सांगितलं. लगेच फोन सुरू झाले आणि अप्पांनी तारखेचा शिक्का बनवून आणला.

मामांनी हॉलमध्ये नारळाच्या हिरव्या झावळ्यांची खोपटी बांधली. मला त्यात बसवलं. बायकांनी आरती केली. तीळगुळाची चिगळी म्हणजे छोटे लाडू आणि खोबरं खायला दिलं. जेवणात बिसीबेळे भात, होळिगे म्हणजे पुरणपोळी, दोन प्रकारची कोशिंबीर आणि शेवटी आइस्क्रीम होतं. आमच्या क्लासटीचरही आल्या होत्या. त्यांनी अभिनंदन केलं. पत्रिकेवर ‘आमच्या कन्येच्या शुभकार्यास’ एवढंच होतं, तरी पाहुण्यांपैकी कोणी कशाबद्दल ते विचारलं नाही. फोटो छान आले आहेत.

बाकी सगळं ठीक. मध्ये स्वल्प पोट दुखत होतं म्हणून शाळेच्या सहलीला गेले नाही.

तुमची,
भव्या

*

सर्जापूर रोड, बेंगळुरू
१० फेब्रुवारी २०२५

चि. भव्या, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लाल शाई फारशी लागली नाही, त्यामुळे मी थोडी निराशच झाले. सोबत परत पाठवते आहे.

माझी ओळख करून देते. मी एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली. काम झडपा तपासण्याचं. झडप उघडायची तेव्हा उघडते का आणि मिटायची तेव्हा मिटते का, एवढंच. आता निवृत्त आहे, अकराव्या मजल्यावर राहते आणि नुकताच गुडघा बदलून घेतला आहे, म्हणून जिन्याशी माझं सध्या बोलणं बंद आहे. पुण्याहून आले तेव्हा दोन वर्षांसाठी आले होते. माझंही परत जायचं राहून गेलं.

आता समारंभाबद्दल. तू खोपटीबद्दल लिहिलंस, कोशिंबिरीबद्दल लिहिलंस, मोराबद्दलही लिहिलंस. समारंभ कशाबद्दल होता यावर एक ओळ नाही. आमच्याकडे कोणी असा अहवाल दिला असता तर साहेबांनी तो तसाच टेबलावरून मागे सरकवला असता. तुला पाळी आली म्हणून समारंभ झाला, हे मला कळलं. पण पाळी म्हणजे काय, हे त्या सगळ्या जेवणावळीत तुला कोणी सांगितलं का? सांगितलं असेल तर काय सांगितलं? पुढच्या पत्रात तेवढं लिही.

पोट दुखतं ते बहुतेक त्यामुळेच. पहिली एक-दोन वर्षं दुखतं बऱ्याच मुलींना. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं.

तुझी,
अलका मावशी

*

जे. पी. नगर
२२ फेब्रुवारी २०२५

ती. अलका मावशी यांस साष्टांग नमस्कार.

अज्जी हुबळीला आत्याकडे गेली आहे, म्हणून हे पत्र कोणाला दाखवलेलं नाही. शाळेजवळच्या पेटीत टाकते.

तुम्ही विचारलं की काय सांगितलं. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, हे अज्जीने सांगितलं. अभिराजच्या शेजारी बसायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. अभिराज रम्याचा भाऊ आहे, आम्ही केजीपासून एकाच रिक्षाने शाळेत जातो. आता तो पुढे ड्रायव्हरजवळ बसतो आणि त्यालाही का ते माहीत नाही. अम्माने एक पाकीट दिलं आणि म्हणाली, सरी, बरं झालं, आता तू मोठी झालीस.

शाळेत तो धडा आला तेव्हा मिसनी घरी वाचून या म्हणून सांगितलं. नंतर एका कंपनीच्या बाई आल्या. मुलांना फुटबॉलला पाठवलं. बाईंनी पॅडवर निळं पाणी ओतून दाखवलं आणि सगळ्यांना पाकीट फुकट दिलं. निळं का, असं एकीने विचारलं तर तिला बाहेर उभं केलं.

मला माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारायचं आहे. तुम्ही तिला ओळखत नाही.

तिला दर महिन्याला पोटात खाली खूप दुखतं. काही दिवस दुखतं आणि थांबतं. पण बाकी काहीच होत नाही. म्हणजे जे यायला पाहिजे ते येत नाही. ते कधीच आलेलं नाही. तिच्या घरचे सगळे फार वाट बघत होते म्हणून तिने आलं असं सांगून टाकलं. तिला वाटलं, दुखतंय म्हणजे आता आठवड्याभरात येईलच, दोन-चार दिवस इकडेतिकडे. मग हॉल ठरला. आता ती घरी मिळालेली पाकिटं वर्गात वाटते. त्यामुळे वर्गात ती सगळ्यांना आवडते.

अशी न दिसणारी पाळी असते का? इंटरनेटवर ती शोधू शकत नाही, कारण तिने शोधलेलं तिच्या अप्पांच्या टॅबवर दिसतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर तिने एक व्हिडिओ बघितला, त्यात मेथीचं पाणी प्या म्हणत होते. दुसऱ्यात नवस सांगितला होता. तिने मेथी करून बघितली.

शेकल्याने तिला बरं वाटलं नाही. या महिन्यात जास्त दुखतंय आणि लघवीला पण त्रास होतो. तिला वाटतं की तिने खोटं सांगितलं म्हणून देवाने दुखणं खरं पाठवलं. घरी सांगितलं तर समारंभ खोटा ठरेल. एवढे लोक जेवून गेले. मामांनी झावळ्या स्वतः तोडून आणल्या होत्या.

उत्तर लवकर पाठवा. मैत्रीण विचारत असते.

तुमची,
भव्या

*

सर्जापूर रोड
२८ फेब्रुवारी २०२५

चि. भव्या,

‘माझा आवडता सण’ हा मार्चचा विषय आपण नंतर बघू. हे पत्र तुझ्या मैत्रिणीसाठी आहे. तिचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या पत्त्यावर पाठवते. तुझ्या अज्जी हुबळीला आहेत तोवर पोचावं म्हणून घाई करते आहे, तरी अक्षर समजून घे.

आधी नावं. ज्या भागाला नाव नाही त्याची तक्रार नोंदवता येत नाही. बेंबीच्या खाली, पोटात, गर्भाशय असतं. साधारण तुझ्या मुठीएवढं. दर महिन्याला त्याला आतून एक मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलंच तर उपयोगी पडावं म्हणून. बाळ नसलं की ते अस्तर रक्ताबरोबर सुटतं आणि योनीमार्गातून बाहेर येतं. ही पाळी. लघवीची वाट वेगळी आणि ही वेगळी, शेजारी शेजारी. रक्त लाल असतं. निळं पाणी कुठून आलं ते त्या कंपनीलाच विचारावं लागेल. लोणच्याचा याच्याशी काही संबंध नाही. लोणचं खराब होतं ते ओल्या चमच्याने.

न दिसणारी पाळी नसते. महिन्याच्या महिन्याला दुखतं आणि बाहेर काहीच येत नाही, याचा अर्थ पाळी कदाचित आत येते आहे आणि तिची वाट कुठेतरी बंद आहे. काही मुलींना जन्मापासून असं असतं. मी डॉक्टर नाही. पण एखादी टाकी आत भरते आहे आणि बाहेर काही पडत नाही, असं मला कोणी प्रयोगशाळेत सांगितलं असतं तर मी त्या क्षणी काम थांबवून माणसं बोलावली असती. मागच्या पत्रातला शेकायचा सल्ला मी मागे घेते. मैत्रिणीने या आठवड्यात बायकांच्या डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. लघवीला त्रास होतो हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं. ते लपवायची गोष्ट नाही.

देव खोटं बोलणाऱ्यांची पोटं दुखवत बसला असता तर या शहरात रस्ते मोकळे असते. ही शिक्षा नाही. आणि समारंभाचं म्हणशील तर लोक जेवले, त्यांचं पोट भरलं, त्यात खोटं काही नाही. तिच्या अम्माला खरं कळायला पाहिजे. तोंडाने सांगता येत नसेल तर हे पत्र तिच्या हातात द्यावं.

अभिराजच्या शेजारी बसल्याने काही होत नाही. बाळ कसं राहतं ते मी चौथ्या पानावर आकृती काढून लिहिलं आहे, नाहीतर तू पुन्हा व्हिडिओ बघशील. आकृती इंजिनिअरने काढलेली आहे, सुंदर नाही, पण प्रमाणात आहे. त्याच्याच मागच्या बाजूला मुलग्यांच्या शरीरात काय काय बदलतं तेही आहे. ते अभिराजला वाचायला दे, त्याला फुटबॉलपलीकडे कोणी काही सांगितलेलं दिसत नाही.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहिते. तुझ्या अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, ते तू ठरवायचंस. नको म्हणालीस की तिथे विषय संपला. समोर मामा असो, मास्तर असो, नाहीतर आवडणारा मुलगा असो.

मला तुझ्या मैत्रिणीची काळजी वाटते. झोपताना वाटते आणि उठल्यावरही वाटते. नियम गेला चुलीत, माझा नंबर पत्राच्या शेवटी लिहिला आहे. फोन कर.

अलका मावशी

*

मराठी मित्र मंडळ, दक्षिण बेंगळुरू
१० मार्च २०२५

सौ. अलकाताई यांस स. न. वि. वि.

आपण उपक्रमातील विद्यार्थिनी कु. भव्या हिला पाठविलेले दि. २८ फेब्रुवारीचे पत्र, तिच्या आजी श्रीमती सोयराबाई हुबळीहून परतल्या त्याच दिवशी त्यांच्या हाती पडले. त्यांनी ते वाचून, कु. भव्या हिला न देता, स्वतः रिक्षाने मंडळाच्या कार्यालयात आणून दिले. रिक्षाचे भाडे त्यांनी मंडळाकडे मागितले व ते देण्यात आले.

पत्रात ‘गर्भाशय’, ‘योनीमार्ग’ इत्यादी शब्द आले आहेत. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. तथापि मंडळाने दिलेला विषय ‘माझा आवडता सण’ असा असून सदर शब्द त्या विषयात कोठे बसतात हे कार्यकारिणीस समजू शकले नाही. शेवटी फोन नंबर देऊन आपण नियम दोनचाही भंग केला आहे. सबब आपली व कु. भव्या हिची जोडी तूर्त स्थगित करण्यात येत आहे. कु. भव्या हिला दुसऱ्या पत्रमैत्रीसाठी श्री. नंदकिशोर यांच्याकडे देण्यात येईल. त्यांचा विषय किल्ले हा आहे.

सदर पत्र मंडळाच्या कपाटात बंद लिफाफ्यात ठेवले आहे. कर्तव्य म्हणून मला ते दोनदा वाचावे लागले.

आपला,
गुरुप्रसाद
कार्यवाह

ता. क. हे खासगी समजावे. माझी कन्या संहिता आता बारावे वर्ष पूर्ण करील. चौथ्या पानावरील आकृतीत जे दाखविले आहे ते खरोखर तसेच असते काय? माझी समजूत थोडी वेगळी होती.

*

सर्जापूर रोड
१२ मार्च २०२५

सौ. भाग्यलक्ष्मी यांस नमस्कार.

तुम्ही मराठी बोलता पण वाचता कन्नड, असं भव्याने लिहिलं होतं. म्हणून हे मराठीच कन्नड अक्षरांत लिहिते आहे. इतकी वर्षं इथे राहून मला दुकानांच्या पाट्यांपलीकडे कन्नड कधी लिहावं लागलं नाही. शेजारच्या पहिलीतल्या मुलीचा अक्षरांचा तक्ता समोर ठेवला आहे. चुका झाल्या असतील तर लाल शाईने दाखवा.

मंडळाच्या यादीतून तुमचं नाव आणि नंबर काढून छापखान्यात फोन केला होता. तुमच्या मालकांनी उचलला आणि पत्रिका किती हव्यात असं विचारलं. त्यांच्याशी मला हे बोलता आलं नाही आणि मी फोन ठेवला. गुडघ्यामुळे स्वतः येता येत नाही. म्हणून कुरिअरवाल्याला काउंटरवर बसलेल्या बाईंच्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

भव्याला अजून पाळी आलेलीच नाही. नोव्हेंबरमध्येही आली नव्हती. तुम्ही सगळे वाट बघत होतात म्हणून ती आली म्हणाली. पण तिला दर महिन्याला दुखतं, आता लघवीलाही त्रास होतो. रक्त आत साठत असेल अशी मला भीती आहे. थांबलं तर आतल्या भागांना इजा होऊ शकते. तिला आजच बायकांच्या डॉक्टरकडे न्या.

तिने हे मला मैत्रिणीच्या नावाने विश्वासाने सांगितलं होतं. तो विश्वास मी मोडते आहे. ती माझ्यावर रागावली तर रागावू दे, पण तुम्ही तिच्यावर रागावू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी काही सांगितलंच नाही तर ती स्वतःच काहीतरी जुळवणार.

अलका

*

जे. पी. नगर
२४ मार्च २०२५

अलका अक्कांना भाग्यलक्ष्मीचा नमस्कार.

मीपण हे कन्नड अक्षरांतच लिहिते. तक्ता घेऊन वाचा. तुमच्या चुका पुष्कळ होत्या, पण कळलं सगळं.

तुमचं पत्र आलं तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक होतं. बारशाची पत्रिका पसंत करत होते. मी वाचलं आणि त्यांना म्हटलं, उद्या या. दुकान तसंच उघडं टाकून रिक्षात बसले. भव्या शाळेतून आली होती आणि पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी विचारलं. आधी नाही म्हणाली, मग मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या मैत्रिणीला घेऊन आत्ता डॉक्टरकडे जायचंय, ऊठ. तेव्हा रडली. मी इतकी घाबरले होते की मला रडायलाही सुचलं नाही.

डॉक्टरबाईंनी पोटाचा फोटो काढला. जन्मापासून एक पातळ पडदा बंद राहिलेला होता. बाकी सगळं नीट आहे. रक्त आतच साठत गेलं होतं. किती ते मी लिहीत नाही. छोटं ऑपरेशन केलं, दोन दिवसांत घरी आणलं. म्हणाल्या, वेळेवर आलात, आणखी थांबला असतात तर मूत्रपिंडापर्यंत गेलं असतं. पुढे तिला काही अडचण नाही. लग्न, मुलं, सगळं इतरांसारखं.

भव्याचे अप्पा बाहेर उभे होते. त्यांनी डॉक्टरना विचारलं, मग आमचा समारंभ झाला त्याचं काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. अत्तेंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी वेगळंच धरलं. पडदा कापला म्हणजे पुढे सासरचे विचारतील, लिहून द्या. डॉक्टरबाईंनी इंग्रजीत दोन पानं लिहून दिली. ती देवघरात ठेवली आहेत, डॉक्टरी अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून अत्तेंचं समाधान झालं आहे.

अक्का, ती दर महिन्याला दुखून पडायची आणि मी म्हणायचे की अभ्यास चुकवते. मला वाटायचं समारंभ केला म्हणजे माझं काम झालं. माझ्याही वेळी असंच झालं होतं, खोपटीत बसवलं आणि होळिगे वाढलं. मला कोणी सांगितलं नाही आणि मला माहीत नव्हतं की सांगायचं काय असतं.

तुम्ही भव्याला लिहिलेलं ते मोठं पत्र मला पाहिजे. अत्ते म्हणतात मंडळात आहे. मी गुरुप्रसाद साहेबांना विचारलं तर ते बघतो म्हणाले.

भव्या रागावलेली नाही. मैत्रीण बरी आहे असं सांगायला सांगितलं आहे.

भाग्यलक्ष्मी

*

मराठी मित्र मंडळ, दक्षिण बेंगळुरू
२ एप्रिल २०२५

सौ. अलकाताई यांस स. न. वि. वि.

आपले दि. २८ फेब्रुवारीचे पत्र परत मिळावे अशी विनंती सौ. भाग्यलक्ष्मी यांनी केली आहे. सदर पत्र तूर्त कपाटात नाही.

झाले असे की, पत्राच्या निषेधाचा ठराव मांडावयाचा होता. त्यासाठी सदस्यांनी मूळ मजकूर वाचणे नियमानुसार आवश्यक होते. सबब ते क्रमाक्रमाने घरी नेण्यात आले. प्रत्येक सदस्याने ते ठरल्यापेक्षा अधिक काळ ठेवले. ज्यांच्या घरी तेरा ते सतरा वयोगटातील मुले आहेत त्यांच्याकडून ते परत मिळविण्यास विशेष त्रास झाला. श्री. नंदकिशोर यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या असल्याचे समजते. ठरावास अनुमोदक न मिळाल्याने तो मांडला गेला नाही.

पत्राची पाने एक ते तीन व पाच सोबत सौ. भाग्यलक्ष्मी यांच्याकडे पाठवीत आहे. पान चार सापडत नाही. शोध चालू आहे.

आपली व कु. भव्या हिची जोडी पूर्ववत करण्यात आली आहे. विषय आपण ठरवावा.

आपला,
गुरुप्रसाद

*

जे. पी. नगर
२६ एप्रिल २०२५

ती. अलका मावशी यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी पत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. अप्पांनी जास्त छापल्या होत्या, त्यातल्या पुष्कळ उरल्या. तारखेचा शिक्का त्यांच्यावर मारलेला नाही. उलटून बघा. मोर आणि गणपती तसेच आहेत. तारखेच्या रिकाम्या जागेत मी माझ्या हाताने २४ एप्रिल लिहिलं आहे. ती खरी तारीख आहे.

मी घाबरले नाही. लाल होतं. पोट दुखलं, पण स्वल्पच, आणि शेकल्यावर थांबलं. म्हणजे तुमचा तो मागे घेतलेला सल्ला आता पुन्हा द्यायला हरकत नाही. मी अम्माला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि मला जवळ घेतलं. फोन कोणालाच केला नाही. अप्पांनाही कळलं. ते गठ्ठ्याजवळ जाऊन उभे राहिले, एक पत्रिका काढली आणि मला दिली. म्हणाले, तारीख तूच घाल.

समारंभ नाही. पण पुढच्या रविवारी, ४ मेला, तुम्ही जेवायला यायचं आहे. अम्माने डॉक्टरबाईंनाही विचारलं होतं, त्यांना ड्यूटी आहे. म्हणजे आमंत्रण फक्त तुम्हाला. खोपटी नाही, फोटोग्राफर नाही, आइस्क्रीम आहे. कृपया आहेर आणू नये. आमच्या घराला जिना नाही, तुमच्या गुडघ्याला चालेल. सिल्क बोर्डच्या सिग्नलला फार वेळ अडकायला होतं, म्हणून सकाळीच निघा.

तुमचं पत्र अम्माला मी वाचून दाखवलं. रम्यालाही बोलावलं होतं. अभिराजसाठीचा मजकूर चौथ्या पानाच्या मागे होता, त्यामुळे त्याचं राहिलं. तो रोज विचारतो. रिक्षात आता पुन्हा मागे बसतो.

आम्ही वाचत होतो तेव्हा अज्जी दाराशी माळ घेऊन बसली होती. आम्हाला वाटलं जप करते आहे. तिसरं पान संपलं आणि मी पाचवं सुरू केलं, तशी ती म्हणाली, मधलं कुठे गेलं? मी सांगितलं, मंडळात हरवलं. तिने माळ खाली ठेवली. नंतर तिने मला जवळ बोलावून तुम्हाला निरोप लिहायला सांगितला. तिने सांगितलं तसाच लिहिते आहे.

“त्या बाईंना म्हणावं, येताना चौथं पान परत काढून आणा. मोठं काढा, मला बारीक दिसत नाही. मला सहा लेकरं झाली, पण आकृती कोणी दाखवली नव्हती.”

तुमची,
भव्या